सीमेपलीकडचं मेडिकल: हद्दीवरच्या गावांनी शेजारच्या राज्यातून औषधं कशी आणायची

चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या पुढे आहे आणि बेळगाव त्याच्या निम्म्याहून कमी. सिरोंच्याच्या माणसाला जिल्ह्याचं ठिकाण गडचिरोली सुमारे दोनशे किलोमीटर पडतं, पण गोदावरीवरचा पूल ओलांडला की तेलंगण. दोडामार्गची मंडळी डिचोली-म्हापशाला जातात, धारणीची बऱ्हाणपूरला, अक्कलकुव्याची सागबारा-डेडियापाड्याला. यात नवं काही नाही, बाजारहाट पिढ्यान्‌पिढ्या असाच चालत आलाय. पण बाजारातून मिरची आणणं वेगळं आणि बीपीच्या गोळ्या आणणं वेगळं. "ही चिठ्ठी इकडे चालणार नाही" असं पलीकडच्या काउंटरवर ऐकून रिकाम्या हाती परतलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यातल्या निम्म्यांची चिठ्ठी खरं तर चालायला हवी होती. उरलेल्यांच्या चिठ्ठीत खरोखरच खोट होती, पण ती कोणी त्यांना समजावून सांगितली नव्हती.

सीमा कशाला अडवते, कशाला नाही

औषधांचा कायदा केंद्राचा आहे: औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४०, आणि त्याखालचे १९४५ चे नियम. सिंधुदुर्गातल्या मेडिकलला जे नियम, तेच गोव्यातल्या मेडिकलला. "फक्त आमच्या राज्यातल्या डॉक्टरची चिठ्ठी घ्या" असं त्यात कुठेही नाही. पाकिटावरची एमआरपी सगळ्या करांसह असते आणि २०१७ मध्ये जीएसटी आल्यापासून औषधावरचा कर राज्याराज्यात वेगळा राहिलेला नाही. त्यामुळे "पलीकडे स्वस्त" किंवा "बाहेरच्यांना महाग" या दोन्ही गोष्टींना कायद्याचा आधार नाही. दुकानदार स्वतःच्या मर्जीने सूट देईल तेवढाच फरक.

राज्याच्या हातात राहतात त्या तीन गोष्टी. दुकानाचं लायसन्स राज्य देतं, म्हणून तक्रारही त्याच राज्याकडे करावी लागते. राज्य सरकारच्या मोफत योजना त्या राज्याच्या रहिवाशांसाठी असतात. आणि तिसरी गोष्ट डॉक्टरच्या पदवीची, जी सगळ्यात जास्त जणांना अडवते. ती पुढे येते.

पहिलं काम: चिठ्ठी पक्की करून घ्या

आपल्या गावातल्या मेडिकलवाल्याला आपण तोंडओळखीने चालवून घेतो. रिकामं पाकीट दाखवलं की तो गोळ्या काढून देतो. पलीकडे तुम्हाला कोणी ओळखत नाही, तिथे तुमच्या वतीने फक्त कागद बोलतो. नियम ६५ प्रमाणे चिठ्ठी लेखी हवी, तिच्यावर डॉक्टरची सही आणि तारीख हवी, रुग्णाचं नाव-पत्ता हवा, औषध एकूण किती द्यायचं आणि कसं घ्यायचं ते हवं. आपल्याकडच्या चिठ्ठ्यांमध्ये बहुधा दोन गोष्टी गळतात: पत्ता आणि एकूण संख्या. "१-०-१" लिहिलेलं असतं, पण किती दिवस ते नसतं. डॉक्टरांसमोरून उठण्याआधीच चिठ्ठी वाचा आणि राहिलंय ते तिथल्या तिथे लिहून घ्या. घरी आल्यावर स्वतः पेनाने काही घालू नका, एक अक्षरसुद्धा.

आणखी तीन गोष्टी मागून घ्या.

औषधाचं मूळ नाव, म्हणजे जेनेरिक नाव, मोठ्या सुट्या अक्षरांत. कंपनीचं ब्रँडनाव पलीकडच्या दुकानात नसेल तर दुकानदाराची अडचण होते, कारण नियम ६५ मध्येच असंही म्हटलंय की शेड्यूल एच आणि एक्समधल्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या याद्यांतल्या, औषधाच्या बदल्यात, घटक तोच असला तरी, त्याने दुसरं औषध देऊ नये. प्रत्यक्षात "हे घ्या, सेमच आहे" असं सर्रास चालतं. मूळ नाव लिहिलेलं असेल तर हा प्रश्नच उरत नाही, आणि जनऔषधीचं, म्हणजे सरकारी योजनेतल्या स्वस्त जेनेरिक औषधांच्या दुकानाचं, दारही उघडं राहतं.

डॉक्टरचा नोंदणी क्रमांक. अनोळखी दुकानदार आधी तोच शोधतो.

आणि पुन्हा औषध देण्याची परवानगी. ही फार थोड्यांना ठाऊक असते. डॉक्टरने तसं लिहिलेलं नसेल तर नियमाप्रमाणे एका चिठ्ठीवर औषध एकदाच देता येतं. दुकानदाराने औषध दिल्यावर चिठ्ठीवर दुकानाचं नाव आणि तारीख घालायची असते. तेव्हा पुढच्या महिन्यात तीच चिठ्ठी घेऊन गेलात आणि त्याने शिक्का दाखवून नकार दिला, तर तो आडमुठेपणा करत नाहीये. कायम चालणाऱ्या गोळ्यांसाठी डॉक्टरांना सांगून "दर महिन्याला ३० गोळ्या, ३ महिने" असं स्पष्ट लिहून घ्या. एका ओळीने दोन खेपा वाचतात.

बीएएमएस डॉक्टरची चिठ्ठी

हद्दीवरच्या गावांत बसणारे डॉक्टर बहुतेक बीएएमएस असतात, काही बीएचएमएस. महाराष्ट्र सरकारने आयुर्वेदाच्या डॉक्टरांना ॲलोपॅथीची औषधं लिहायची मुभा दिलेली आहे. ही मुभा औषध नियमांतल्या ज्या कलमाखाली मिळते, ते कलम अधिकार राज्य सरकारला देतं. म्हणजे मुभाही त्या राज्यापुरती. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये मुख्तियार चंद खटल्यात हेच स्पष्ट केलं. त्यामुळे तुमच्या गावच्या बीएएमएस डॉक्टरांनी लिहिलेली बीपीची गोळी गावात रीतसर मिळते, पण पुलापलीकडचा दुकानदार नाही म्हणाला तर त्याला दोष देता येत नाही.

डॉक्टर वाईट आहेत असा याचा अर्थ नाही. रात्री दोनला दार उघडणारे तेच असतात. उपाय एवढाच की कायमच्या गोळ्यांची चिठ्ठी वर्षातून काही वेळा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या किंवा ग्रामीण रुग्णालयातल्या एमबीबीएस डॉक्टरकडून लिहून घ्यायची. गावातल्या डॉक्टरांचा जुना कागद सोबत न्यायचा, म्हणजे सगळं पहिल्यापासून सांगत बसावं लागत नाही.

तेही जमत नसेल तर फोनवरून

केंद्र सरकारच्या ई-संजीवनी सेवेत डॉक्टरशी व्हिडिओवर बोलता येतं, पैसे लागत नाहीत आणि चिठ्ठी मोबाइलवर येते. स्मार्टफोन नसेल तर गावच्या उपकेंद्रात, ज्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, तिथल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे जा. ते त्यांच्याकडून डॉक्टरशी जोडून देतात.

२५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार नोंदणीकृत डॉक्टर देशातल्या कुठल्याही भागातल्या रुग्णाला सल्ला देऊ शकतो. म्हणजे म्हापशात ज्यांना दाखवलं त्यांच्याकडेच पुढची तपासणी फोनवर करता येते, दर वेळी गाडीभाडं घालायला नको. औषधांची विभागणी मात्र लक्षात ठेवा. साधी, चिठ्ठीविना मिळणारी औषधं कशीही बोलून सांगता येतात. काही औषधं पहिल्या भेटीत लिहायची तर व्हिडिओच हवा. चालू असलेल्या आजाराच्या गोळ्या पुढे चालू ठेवणं फोनवर जमतं. शेड्यूल एक्समधली आणि अमली व मनोव्यापारी पदार्थांच्या कायद्यात येणारी औषधं फोनवर लिहिता येतच नाहीत, त्यांच्यासाठी समोर जाणं भाग आहे.

निघण्याआधी

चिठ्ठीचे दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा, पण मूळ कागद सोबत न्या. चालू गोळ्यांचं पाकीटही न्या. इथे एक बारीक गोष्ट आहे. पाकिटाच्या एका टोकाला मुदत आणि बॅच नंबर छापलेला असतो. बहुतेक जण गोळ्या त्याच टोकाकडून फोडायला लागतात आणि नेमकं तेच फाटून जातं. माझ्या आत्याच्या डब्यात अशी सात-आठ पाकिटं होती, चंदेरी, सुरकुतलेली, आणि एकावरही पूर्ण नाव वाचता येत नव्हतं. तेव्हापासून आमच्या घरी छापील टोकावर पेनाने फुली मारतात. फुलीची बाजू शेवटी फोडायची.

शक्य असेल तर दुकानाला आधी फोन करा आणि औषधाचं नाव, ताकद, किती हवं ते सांगा. तालुक्याच्या ठिकाणी नसलेली गोळी ते बहुधा एक-दोन दिवसांत मागवून देतात. बाजाराच्या दिवशी गर्दी असते, कोणी नीट समजावून सांगत नाही, म्हणून शक्यतो तो दिवस टाळा.

वाडीतल्या पाच-सहा घरांची औषधं एकाने आणायची पद्धत चांगली आहे. फक्त प्रत्येकाची चिठ्ठी वेगळ्या पिशवीत आणि प्रत्येकाचं बिल वेगळ्या नावाने. एका बिलावर सगळ्यांचं सामान घेतलं की घरी आल्यावर कोणाची गोळी कोणाकडे गेली ते कळत नाही.

काउंटरवर

पैसे देण्याआधी जुनं पाकीट आणि नवं पाकीट शेजारी शेजारी धरा. नाव जुळतं का, आकडा जुळतो का, आणि आकड्यापुढची अक्षरं जुळतात का. शेवटचं सगळ्यात जास्त चुकतं. मेटफॉर्मिन ५०० आणि मेटफॉर्मिन ५०० एसआर एकच नाहीत. दुसरी हळूहळू विरघळणारी आहे. थायरॉइडच्या गोळीत २५ आणि १२५ मध्ये फक्त एका आकड्याचं अंतर दिसतं, पण मात्रा पाचपट होते. आत्याला एकदा सीमेपलीकडच्या दुकानातून नेमकी अशीच चूक होऊन गोळ्या आल्या होत्या. आठवडाभर छातीत धडधड, हाताला कंप. कोणाला वाटलं काळजीने होतंय, कोणाला वाटलं चहा जास्त झाला. पाकिटं शेजारी ठेवल्यावर उलगडा झाला.

पूर्ण पाकीट परवडत नसेल तर कापून मागायला लाजू नका. पण कापताना मुदतीचा भाग दुकानदाराच्या तुकड्यावर राहत असेल तर मुदत आणि बॅच नंबर बिलावर लिहून घ्या.

बिल घ्याच. बॅच नंबर असलेलं छापील बिल घ्या, साध्या कागदावर आकडेमोड केलेलं नको. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधामुळे लहान मुलं दगावली. औषधात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं. त्यातल्या अनेक मुलांना उपचारासाठी सीमा ओलांडून नागपूरला आणलं होतं. ते औषध बनलं होतं तिसऱ्याच राज्यात, तमिळनाडूत. अशा वेळी सरकार विशिष्ट बॅचचा इशारा देतं. तुमच्या घरातली बाटली त्या बॅचची आहे का, हे बिल किंवा लेबल पाहूनच कळणार. लहान मुलांचं खोकल्याचं औषध तर चिठ्ठीशिवाय कुठूनच आणू नये, ना अलीकडून ना पलीकडून.

१ ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० ब्रँडच्या पाकिटांवर क्यूआर कोड किंवा बारकोड बंधनकारक आहे. तुमचं औषध त्यात असेल तर दुकानात उभ्या उभ्या मोबाइलवर स्कॅन करा. उत्पादकाचं नाव, बॅच, मुदत दिसते, ती पाकिटाशी ताडून बघा.

आता भाषा. औषधाचं नाव सगळीकडे रोमन लिपीत असतं, त्यामुळे ते अडत नाही. अडतात त्या सूचना. पाकिटावर पेनाने कन्नड, तेलुगू किंवा गुजराती अंकात लिहिलेलं घरी आल्यावर कोणालाच वाचता येत नाही. दुकानातच मराठीत लिहून घ्या, किंवा सरळ चित्र काढा: सकाळसाठी सूर्य, रात्रीसाठी चंद्र, जेवणानंतर असेल तर ताट. वाचता न येणाऱ्या माणसालाही ते कळतं.

घरपोच येईल का?

कोविडच्या काळात, २६ मार्च २०२० ला, केंद्राने मेडिकल दुकानांना औषध घरपोच द्यायची परवानगी देणारी अधिसूचना काढली. तिच्यात एक अट आहे जी आपल्यालाच नेमकी नडते: दुकान आणि रुग्ण एकाच महसुली जिल्ह्यात हवेत. बेळगावच्या दुकानाने चंदगडला माणूस पाठवणं त्यात बसत नाही. शिवाय शेड्यूल एच-१, एक्स आणि अमली औषधं वगळलेली आहेत, आणि जुनाट आजाराची चिठ्ठी ३० दिवसांच्या आत, तात्पुरत्या आजाराची ७ दिवसांच्या आत दाखवावी लागते. तेव्हा घरपोच हवं असेल तर आपल्याच जिल्ह्यातलं दुकान गाठा, ते लांब असलं तरी.

ऑनलाइन औषध दुकानांसाठी २०१८ मध्ये नियमांचा मसुदा निघाला आणि पुढे कितीतरी वर्षं मसुदाच राहिला. मागवायचंच असेल तर चिठ्ठी न मागणाऱ्या ॲपपासून दूर राहा. बिलावर दुकानाचा लायसन्स नंबर आहे का ते बघा. तुमच्या पिनकोडवर पार्सल खरोखर किती दिवसांत येतं, हे आधी टूथपेस्टसारखी एखादी साधी वस्तू मागवून तपासा. गोळ्या संपल्यावर हा प्रयोग करू नये.

सीमा न ओलांडता, फुकट

पलीकडे जाण्याआधी अलीकडचं संपवा. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत आणि आरोग्य केंद्रांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि औषधं मोफत आहेत. बीपी आणि शुगरच्या नेहमीच्या गोळ्या तिथे असतात. आशाताईंच्या पिशवीत पॅरासिटामॉल, ओआरएस, झिंक, लोहाच्या गोळ्या असतात. यासाठी नदी ओलांडायची गरज नाही.

क्षयरोगाची औषधं देशभर फुकट आहेत आणि रुग्णाची नोंद निक्षय या एकाच प्रणालीत असते. ऊसतोडीला कर्नाटकात गेलात तरी निक्षय क्रमांक सांगितला की उपचार तिथल्या केंद्रात वर्ग होतो. जाण्याआधी इथल्या केंद्रात सांगा, म्हणजे मधे खंड पडत नाही. एचआयव्हीच्या औषधांचंही तसंच, एआरटी केंद्रातून बदलीचा कागद घ्या.

जनऔषधी केंद्रं केंद्र सरकारची योजना आहेत, त्यामुळे कुठल्याही राज्यातल्या केंद्रात रहिवासी दाखला कोणी मागत नाही. 'जनऔषधी सुगम' ॲपमध्ये जवळचं केंद्र आणि औषधाची किंमत दिसते. माझा अनुभव असा की यादीत औषध असतं, पण केंद्रात त्या दिवशी असेलच असं नाही. फोन करून जा.

आयुष्मान कार्ड दुसऱ्या राज्यातल्या संलग्न रुग्णालयात चालतं, पण ते भरती होण्यासाठी आहे, बाहेरच्या मेडिकलसाठी नाही. एक सवलत मात्र लोक सोडून देतात: घरी सोडल्यानंतरच्या १५ दिवसांची औषधं त्याच पॅकेजमध्ये धरलेली असतात. डिस्चार्ज घेताना ती मागा.

इन्सुलिन आणताना

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहायला हवं. दुकानातून ते शेवटच्या क्षणी घ्या, बाकीची सगळी कामं झाल्यावर. रुंद तोंडाचा थर्मास किंवा छोटा डबा न्या, बर्फाची पिशवी फडक्यात गुंडाळा आणि इन्सुलिन तिला टेकणार नाही असं ठेवा. गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं म्हणून समजा, वितळल्यावरही वापरू नका. एसटीत पुढे इंजिनाच्या झाकणावर पिशवी ठेवायची आपल्याला सवय असते, तिथे तर मुळीच नाही. वडापच्या टपावरही नाही. घरी फ्रिज नसेल तर एकात एक बसणाऱ्या मातीच्या दोन मडक्यांत, मधे ओली वाळू घालून, सावलीत ठेवता येतं. फ्रिजइतकं गार होत नाही, पण उघडलेली बाटली महिनाभर वापरायला बरं पडतं. नेमके किती दिवस, ते खोक्यातल्या कागदावर दिलेलं असतं.

झोपेच्या आणि फिटच्या गोळ्या

गुजरातेत दारूबंदी आहे, गडचिरोलीतही. नाक्यावर पिशव्या तपासतात. बीपीच्या गोळीला कोणी विचारत नाही, पण अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, ट्रॅमाडॉल किंवा कोडीनचं खोकल्याचं औषध निघालं तर प्रश्न येतात. मनोव्यापारी औषधं स्वतःच्या उपचारासाठी जवळ ठेवायला नियमांत एका वेळी १०० गोळ्यांची मर्यादा आहे. दीर्घ उपचारासाठी डॉक्टरने तसं खास लिहिलं असेल तर ३०० पर्यंत. तेव्हा या गोळ्या पाकिटातून काढून डबीत भरू नका, चिठ्ठी आणि बिल त्याच पिशवीत ठेवा, आणि दुसऱ्याच्या अशा गोळ्या "जाताय तर घेऊन या" म्हणून आणू नका. बाकी सगळं शेजारधर्माने आणा, हे नको.

काही चुकलं तर

दुकान ज्या राज्यात, तक्रार त्या राज्याच्या औषध प्रशासनाकडे: गोव्यात आणि महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासन, तेलंगणात औषध नियंत्रण प्रशासन. महाराष्ट्राच्या कार्यालयाला कर्नाटकातल्या दुकानावर हात टाकता येत नाही, तिथे अर्ज देऊन महिना वाया घालवू नका. एमआरपीपेक्षा जास्त पैसे घेतले तर मात्र केंद्राच्या राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाकडे थेट तक्रार करता येते, राज्य कुठलंही असो. त्यांच्या 'फार्मा सही दाम' ॲपवर आधी किंमत बघून घ्या.

अर्जात दुकानाचं नाव, बिलावरचा लायसन्स नंबर, बॅच नंबर, तारीख आणि काय झालं ते चार ओळींत लिहा. औषधाबद्दलच शंका असेल तर कायद्याच्या कलम २६ प्रमाणे कोणीही साधा माणूस विकत घेतलेलं औषध ठरावीक शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो, त्यासाठी वकील लागत नाही. पण तपासायला औषध शिल्लक हवं. दुकानदार म्हणेल, "आणा परत, बदलून देतो." बदलून घ्यायचं तर घ्या, पण जुन्या पाकिटातल्या काही गोळ्या आणि बिल तुमच्याकडेच राहू द्या.